फुफ्फुसाचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या

फुफ्फुसाच्या कर्करोगात शिरांमध्ये रक्त गोठण्याचा धोका निरोगी माणसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. गुठळी बहुधा पायाच्या खोल शिरेत धरते. तिचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुफ्फुसाच्या धमनीत अडकला, तर जिवावर बेतते. कर्करोग आणि गुठळ्यांचे हे नाते फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये मांडले. पुढे स्वतःच्याच शिरेत गुठळी झाल्यावर त्यांनी आपल्याला कर्करोग असल्याचे ओळखले आणि १८६७ मध्ये ते जठराच्या कर्करोगाने गेले.

अर्बुदाच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठीच्या, पेशी ‘टिश्यू फॅक्टर’ हे प्रथिन सोडतात आणि त्यामुळे रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. त्यात अंथरुणाला खिळणे, शस्त्रक्रिया, सिस्प्लॅटिनसारखी कर्करोगावरची औषधे यांची भर पडते. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारात धोका स्क्वॅमस प्रकारापेक्षा अधिक; ‘एएलके’ जनुकात फेरबदल असल्यास आणखी वाढतो. निदानानंतरचे पहिले काही महिने सर्वांत जोखमीचे.

ओळखण्यात फसगत होते ती इथेच. दम लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे मूळ आजाराचीही असल्याने रुग्ण आणि घरचे ती अंगावर काढतात. एकच पोटरी सुजून गरम लागणे, दाबल्यावर दुखणे किंवा दम एकाएकी वाढणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी तपासणी हवी. काही गुठळ्या मात्र कसलेच लक्षण न देता नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये सापडतात.

गुठळी झालेले रुग्ण सरासरीने कमी जगतात. पण गुठळी हे त्याचे कारण किती आणि आक्रमक कर्करोगाची खूण किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. ब्रिटनमधील ‘फ्रॅगमॅटिक’ चाचणीत २,२०२ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर डॅल्टेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची रोजची इंजेक्शने २४ आठवडे दिली गेली. गुठळ्यांचे प्रमाण ९.७ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आले, आयुष्य मात्र वाढले नाही. रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या. हा निकाल निराश करणारा असला तरी मोलाचा आहे. म्हणूनच प्रतिबंधक औषध सरसकट न देता कर्करोगाची जागा, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि वजन-उंचीचे प्रमाण यांवरून काढलेल्या, गुठळीचा धोका सांगणाऱ्या खोराना गुणांकासारख्या मोजमापाने रुग्ण निवडतात.

प्रत्यक्ष गुठळी झाल्यावर मात्र रक्त पातळ करणारे औषध टाळता येत नाही. हेपॅरिनवर्गीय इंजेक्शने किंवा अपिक्साबॅनसारख्या गोळ्या किमान तीन ते सहा महिने देतात आणि कर्करोग सक्रिय असेपर्यंत बहुधा चालू ठेवतात.