मोटारीच्या तारेतला करंट आणि नसेतला करंट

कोपर दाराला आपटलं की आपण म्हणतो, "नसेतून करंट गेला." ते खोटं नाही. पण डीपीपासून विहिरीपर्यंत ओढलेल्या तारेत जे वाहतं, ते नसेत वाहत नाही. (नस म्हणजे इथे मज्जातंतू. रक्ताच्या शिरेलाही आपण नसच म्हणतो, ती वेगळी.)

तार लांबली की काय होतं, हे वावरात मोटार असलेल्याला सांगायला नको. डीपीजवळ धडाक्यात चालणारी मोटार चार वावरं पलीकडे नुसती गुणगुणते, पाणी उचलत नाही. व्होल्टेज वाटेतच पडतं.

नसेत ते पडत नाही. तिथे सोडियम-पोटॅशियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, हलतात आणि मुख्यतः नसेच्या पातळ पडद्यातून आत-बाहेर होतात. एरवी आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. इशारा आला की पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडतं आणि ती पुन्हा ऋण होते. एक-दोन मिलिसेकंदांचा खेळ, पण तेवढ्यात शेजारची दारं उघडलेली असतात. उन्हाळ्यात धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटतं ना, तसं. प्रत्येक काडी स्वतःच्या जोरावर जळते, म्हणून शेवटची ज्वाळा पहिलीएवढीच असते. फक्त नसेचं गवत काही मिलिसेकंदांत पुन्हा पेटायला तयार होतं. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी माकुलाच्या (समुद्रातल्या स्क्विडच्या) जाड नसेवर हे मोजून 1952 मध्ये मांडलं.

वेगात तार कितीतरी पुढे. मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण असलेली जाड नस सेकंदाला 100 मीटरपर्यंत निरोप नेते, दुखणं नेणारी बारीक नस जेमतेम मीटरभर. ठेच लागल्यावर आधी "लागलं" कळतं आणि ठणका मागून येतो, तो यामुळे.

जोडही वेगळा. तारा एकमेकींना पिळून जोडतात, पण नस आणि स्नायू यांच्यात फट असते. तिथे करंट थांबतो आणि ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन निरोप पलीकडे नेतं. काम झालं की एक विकर (एन्झाइम) त्याला तोडतं. पऱ्हाटीवर फवारलेलं मोनोक्रोटोफॉससारखं औषध नेमकं हे विकर बंद पाडतं. मग निरोप थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ सुटते, दंडाचं मांस फडफडतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ती आपण पाहिली आहेत. असं कोणाला दिसलं तर "थकला असेल" म्हणून झोपवू नका. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.