व्हँ जोन चाखायला येण्याआधी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आपल्या पुढच्या वाईन टेस्टिंगला फ्रान्सच्या ज्युरा भागातली व्हँ जोन ही वाईन उघडणार आहोत. नाशिकच्या ताज्या, फळांच्या वासाच्या व्हाइट वाईनची सवय असेल, तर पहिला घोट खटकेल. बाटली बिघडलेली नाही, ही वाईन अशीच असते.

ती साव्हान्याँ या पांढऱ्या द्राक्षाची. एरवी पिंपातली वाईन आटली की वरून भर घालतात, हवा लागू देत नाहीत. इथे मुद्दाम भर घालत नाहीत. मग वाईनवर यीस्टची पातळ साय धरते आणि तिच्याखाली ती किमान ६० महिने मुरते. द्राक्षं तोडल्यानंतरच्या सातव्या वर्षाचा जानेवारी उजाडेपर्यंत ती विकता येत नाही. बाटलीही वेगळी, ६२० मिलिलिटरची. लिटरभर वाईन मुरून एवढीच उरते, असं तिकडे सांगतात.

ग्लास नाकाशी न्या. आधी अक्रोड येईल, मग काहीतरी फार ओळखीचं: मेथीदाणा. हा भास नाही. मेथीला तिचा वास देणारं सोटोलॉन हे द्रव्य या वाईनमध्येही मुरताना तयार होतं. परदेशी जाणकार याला ‘करी’चा वास म्हणून मोकळे होतात. लोणच्याच्या मसाल्यासाठी मेथी तळणाऱ्या घरातलं नाक अधिक नेमकं सांगेल, असं आमचं मत. म्हणून टेबलावर भाजलेल्या मेथीची वाटी ठेवतो. आधी वाईन हुंगा, मग वाटी, मग पुन्हा वाईन.

जिभेवर ती अजिबात गोड नाही, चांगली आंबट आहे. घोट घोळवा, गिळा आणि जरा गप्प बसा, चव मागाहून बदलत जाते. गडकरी रंगायतनला मैफलीत पहिल्या आलापावर कुणी निकाल देत नाही, तसंच इथे. ‘आवडली नाही’ चालेल; नुसतं ‘छान आहे’ नको, त्यातून काहीच कळत नाही.

सोबत काँते चीज, अक्रोड आणि आमच्या हट्टापायी कडबोळी.

घरी बाटली नेलीत, तर १४ ते १६ अंशांवर प्या. पुस्तकातलं ‘रूम टेंपरेचर’ ठाण्याचं नव्हे. फ्रिजमधून काढून अर्धा तास पुरे. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते, कारण हवेशी तिची ओळख आधीच झालेली असते.

एका बाटलीत १२ जण, प्रत्येकी ५० मिलिलिटर. पंचविशीच्या आतल्यांना प्रवेश नाही. दारू पिण्याचं परमिट सोबत ठेवा, गाडी घरी ठेवून रिक्षाने या. आणि त्या संध्याकाळी कृपया अत्तर लावू नका.