भिंतींवरचा ‘ऐतिहासिक’ हा शब्द

भिंती रंगवून गावाचा धंदा सावरण्याची चर्चा निघाली की कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या शेमेनसचा दाखला ठरलेला. सॉ मिल बंद पडली, लोक बेकार झाले, गावाने आपला इतिहास भिंतींवर रंगवला आणि पर्यटक आले, अशी ती गोष्ट. ऐकायला छान आहे, फक्त क्रम उलटा आहे. पहिली पाच चित्रे १९८२ मध्ये रंगली आणि मिलला टाळे लागले १९८३ मध्ये. तिथे १८६२ पासून लाकूड कापले जात होते, पण तोवर गावातली दुकानांची पेठ मरगळली होती. तिला उभारी देण्यासाठी प्रांतिक सरकारची मदत होती आणि चित्रे हा त्याच खटपटीचा भाग. पुढे १९८५ मध्ये मिलही परत सुरू झाली, मात्र बऱ्याच कमी कामगारांवर. दाखला देणारे हा तपशील बहुधा गाळतात.

त्याहून मोठा घोळ ‘ऐतिहासिक भित्तिचित्र’ या शब्दांचा आहे. मूळ कल्पना सुचली ती गावातल्या एका उद्योजकाला, रोमानियाच्या मोल्डाव्हिया भागातले चित्रमय मठ पाहून. तिथल्या व्होरोनेत्स मठाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंती १६व्या शतकात रंगवल्या गेल्या. ओल्या चुन्यात मुरलेला तिथला निळा रंग उन्हापावसाला पुरून उरला आहे. तिथे चित्रच जुने. शेमेनसमध्ये मात्र विषय जुना, रंग ताजा आणि भिंत एखाद्या दुकानाची.

हा काही नुसता शब्दांचा कीस नाही, पैशाचा हिशेबच त्यावर ठरतो. जुन्या चित्रासाठी लागतात जतनाचे जाणकार, आणि गर्दी वाढली तर ती आवरावीही लागते. चित्रांची संख्या तर वाढवताच येत नाही. नव्या चित्रांचे तसे नाही. दरवर्षी एखादी भिंत वाढवता येते, पाहून गेलेल्याला परत बोलावता येते. म्हणून रोमानियाकडे बोट दाखवून शेमेनसचा खर्च मांडणारे प्रस्ताव पाहिले की मला हसू येते.

शिवाय विषय जुना हवा म्हटले की तो निवडणार कोण, हा प्रश्न येतो. सुरुवातीच्या चित्रांपैकी एकात ‘स्टीम डाँकी’ आहे. हे वाफेवर चालणारे ओढयंत्र जंगलातले अजस्र ओंडके तारेच्या दोराने खेचून आणी. ते बघायला कुणाचीच हरकत नसते. मूळ रहिवाशांचे चेहरे आणि चिनी व्यापाऱ्याचे दुकानही भिंतींवर आले. पण गावातल्या जपानी वंशाच्या लोकांना दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने किनाऱ्यावरून हलवले होते. त्या वस्तीची आठवण भिंतीवर आली ती पहिल्या पाच चित्रांनंतर, आणि तीही स्काउट पथकाच्या रूपाने. पर्यटकाला रुचेल तेच आधी रंगते, असा माझा तरी निष्कर्ष आहे.

नक्कल भराभर झाली. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या शेफील्डला जलविद्युत प्रकल्पांची कामे संपल्यावर ओहोटी लागली होती. तिथे १९८६ मध्ये पहिले चित्र आले. पुढे तिथे कलाकारांची स्पर्धाही सुरू झाली, म्हणजे रंगवणे हाच उत्सव झाला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या टॉपेनिशने १९८९ मध्ये सुरुवात केली आणि एका दिवसात लोकांसमोर अख्खे चित्र पुरे करण्याची प्रथा पाडली. दोन्हीकडे विषय बहुतेक स्थानिक भूतकाळाचेच.

शेमेनसमध्ये आज चाळीसहून अधिक चित्रे आहेत. फुटपाथवर रंगवलेली पिवळी पावले पाहुण्याला एका भिंतीवरून दुसरीकडे नेतात आणि वाटेत दुकाने लागतात. योजनेतला सर्वांत हुशार भाग मला हाच वाटतो. १९९३ पासून नाट्यगृहही आहे, त्यामुळे दिवसाचा पाहुणा संध्याकाळपर्यंत टिकतो. चहापानगृहातल्या हंगामी नोकरीला मिलच्या पगाराची सर येत नाही, हे मात्र कुठल्याच पिवळ्या पावलांनी झाकत नाही.

आता सुरुवातीच्या चित्रांनी चाळिशी ओलांडली आहे. बाहेरच्या भिंतीवरचा रंग चुन्यात मुरलेला नाही. तो उन्हाने विटतो, ओलीने फुगतो, आणि काही चित्रे पुन्हा रंगवावी लागली आहेत. विषयाने ऐतिहासिक असलेली चित्रे वयानेही तशी होऊ लागली, पण नव्याने रंगवलेल्या भिंतीचे वय १९८२ पासून मोजायचे की शेवटच्या हातापासून, यावर एकमत होणे कठीण आहे. डागडुजीचा खर्च तोवर थांबत नाही.