संक्रांत आणि उत्तरायण: एक खुलासा

‘संक्रांत १४ जानेवारीलाच असते आणि तेव्हापासून दिवस मोठा होतो,’ असं दरवर्षी सांगितलं जातं. दोन्ही चूक. सूर्य उत्तरेकडे वळतो, आणि दिवस मोठा होऊ लागतो, तो २१-२२ डिसेंबरपासून. पुरावा कोल्हापुरातच आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात ते ९ ते ११ नोव्हेंबर आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. म्हणजे सूर्य त्याच एका जागी मावळतो तो २१ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे साधारण चाळीस-चाळीस दिवसांवर. सूर्य संक्रांतीला वळत असता, तर दुसरा किरणोत्सव मार्चात आला असता!

संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीतला प्रवेश; तो ताऱ्यांवरून मोजतात. ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठं, म्हणून संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म झाला ती १८६३ ची संक्रांत १२ जानेवारीला होती. हल्ली १४ की १५, हे लीप वर्षाच्या चक्रावर ठरतं.