राणीचे रक्षकदल : पट्ट्याचा वाद आणि मुदतीचा प्रश्न

अमेरिकेतील बर्कली येथे १ मे १९६६ रोजी एका घराच्या परसात भरलेल्या सामन्यातून मध्ययुगीन पुनर्निर्मितीची जी चळवळ (सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम) उभी राहिली, तिच्या बहुतेक ‘राज्यांत’, म्हणजे प्रादेशिक विभागांत, आज राणीच्या सेवेत एखादे मानाचे रक्षकदल असते. त्याचा उगम युरोपातील राजवाड्यांत शोधण्याची सवय आहे आणि त्याला आधारही आहे. बॉसवर्थच्या लढाईनंतर गादीवर आलेल्या इंग्रज राजाने १४८५ मध्ये नेमलेले रक्षक आजही दरबारी समारंभांत उभे राहतात आणि पोपच्या सेवेतील स्विस रक्षक १५०६ पासून चालत आले आहेत. मात्र त्या स्विस रक्षकांचा प्रसिद्ध पट्टेरी गणवेश आजच्या रूपात ठरला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, हे लक्षात घेतले, तर प्राचीनतेचा दाखला किती जपून वापरावा लागतो ते कळते. चळवळीतील रक्षकदलाची खरी घडण मात्र या जुन्या उदाहरणांपेक्षा चळवळीच्या स्वतःच्या नियमांतून झाली.

येथे राजा वारसाहक्काने होत नाही. वेताच्या तलवारींनी लढल्या जाणाऱ्या सामन्यात जो जिंकतो तो राजा होतो आणि ज्या व्यक्तीसाठी तो लढला तिला जोडीचे आसन मिळते. सुरुवातीच्या दशकांत हे जोडीचे आसन जवळजवळ नेहमीच राणीचे असे. म्हणजे रणांगणात न उतरता आणि दुसऱ्याच्या मनगटाच्या जोरावर तिला पद मिळे, आणि पुरस्कार, पदव्या, जमिनीची नावे हे सारे दोघांच्या संयुक्त नावाने दिले जाई. पूर्णपणे स्वतःच्या निवडीने देता येईल असा मान तिच्याजवळ फारसा नव्हता. रक्षकदलाने ती उणीव भरून काढली, असे माझे मत आहे. सामन्यात राणीचा रंग मिरवणारे, मिरवणुकीत तिच्यापुढे चालणारे, दरबारात तिच्या मागे उभे राहणारे आणि मैदानावर तिला पाणी व सावली मिळते की नाही हे पाहणारे लोक तिने स्वतः निवडायचे, एवढाच त्या दलाचा अर्थ होता. आपल्याकडील भालदार-चोपदारांप्रमाणे त्यांचे काम मुख्यतः शोभेचे आणि सूचनेचे होते. खऱ्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती.

१९६८ मध्ये पूर्वेकडील आणि १९६९ मध्ये मध्य भागातील राज्य स्थापन झाल्यावर प्रत्येक राज्याने आपापला प्रघात पाडला आणि तेथूनच वादाला तोंड फुटले. वाद असा, की नाइट झालेल्या, म्हणजे लढाईतील कौशल्याचे सर्वोच्च पद मिळालेल्या, योद्ध्याला राणीच्या रक्षकदलात घ्यावे की नाही. नाइट पदाची खूण असलेला पांढरा पट्टा नियमाने राखीव आहे आणि तो बांधणारा सिंहासनाशी एकनिष्ठेची शपथ घेतो. शपथ नको असलेल्यांसाठी समान दर्जाचे दुसरे पद आहे आणि त्याची खूण म्हणजे खांद्यावरून तिरका घेतलेला पांढरा पट्टा. अनेक राज्यांत रक्षकदल अशा पट्ट्याविना असलेल्या योद्ध्यांपुरते मर्यादित ठेवण्यात आले. समर्थकांचे म्हणणे असे, की नाइट आधीच शपथेने बांधलेला असल्यामुळे त्याला पुन्हा रक्षक नेमणे निरर्थक आहे, आणि नवख्या लढवय्याला लोकांच्या नजरेत येण्याची संधी मात्र याच दलात मिळते. विरोधकांचा मुद्दा असा, की राणीचा स्वतःचा अधिकार म्हणून जे जन्माला आले, त्यावर बाहेरून अट लादली, तर मूळ हेतूच बुडतो. शिवाय रक्षक असतानाच एखाद्याला नाइट पद मिळाले, तर त्याने त्या सन्मानाची किंमत म्हणून दल सोडायचे काय, हा प्रश्न उरतोच. अनेक स्क्वायर (नाइटचे शिष्य) प्रथेनुसार लाल पट्टा बांधतात आणि तरीही त्यांची गणना ‘अनबेल्टेड’, म्हणजे पट्टाविरहित, योद्ध्यांतच होते, ही गुंतागुंत नवागतांना हमखास गोंधळात टाकते. १९७२ पासून पेनसिल्व्हेनियात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या मोठ्या युद्धमेळ्यात पट्टाधारी आणि पट्टाविरहित निवडक योद्ध्यांच्या लढती वेगळ्या होऊ लागल्या आणि ही विभागणी आणखी ठळक झाली. माझ्या दृष्टीने विरोधकांची बाजू अधिक सुसंगत आहे. अर्थात, ओळखीच्याच मंडळींची वर्णी लागते हा आक्षेप त्यांना कधीच पुरता खोडता आलेला नाही.

दुसरा प्रश्न मुदतीचा. बहुतेक राज्यांत राजवट सहा महिन्यांची आणि पश्चिमेकडील मूळ राज्यात साधारण चार महिन्यांची असते. पद सोडल्यावर राणीला कायमचा दर्जा मिळतो आणि माजी राण्यांचा स्वतंत्र वर्गही आहे. परंतु रक्षकांचे काय, याचे उत्तर एकसारखे नाही. कोठे सेवा राजवटीबरोबर संपते, तर कोठे रक्षकपदाचे चिन्ह जन्मभर मिरवता येते. दुसऱ्या पद्धतीत दल हळूहळू पुरस्कारासारखे होते, आणि पुरस्कार झाले की त्याचे निकषही मागितले जातात.

अलीकडे लढाईबाहेरच्या कौशल्यांना मान मिळू लागल्याने दलाचे स्वरूप बदलले. रेपियर (सडपातळ, टोकदार तलवार) तलवारबाजीसाठी स्वतंत्र सर्वोच्च पद २०१५ मध्ये आले आणि ज्यांना पांढरा पट्टा कधी मिळणारच नव्हता त्या तलवारबाजांसाठी पट्ट्याची अट पूर्वीच्या अर्थाने उरली नाही. एकाच लिंगाच्या जोडीला सिंहासनाच्या सामन्यात उतरण्याची मुभा मिळाल्यापासून ‘राणीचे रक्षक’ हे नावही अपुरे पडते, कारण जोडीचे आसन आता नेहमी राणीचेच असेल असे नाही. त्यानंतर २०२० च्या महासाथीत सामने थांबले, सत्तेवरील जोड्या ठरल्या मुदतीपेक्षा अधिक काळ आसनावर राहिल्या आणि पेनसिल्व्हेनियातील मेळा सलग दोन वर्षे झाला नाही. राजवटीपुरते नेमलेल्या रक्षकांची मुदत तेव्हा आपोआप लांबली, पण ज्या दरबारात उभे राहायचे तो दरबारच भरत नव्हता.