शिडांवरचा लाल क्रूस आणि तोमारचा ग्वाल्दिम पायस

सोळाव्या शतकात पोर्तुगालहून भारताकडे निघणाऱ्या जहाजांच्या शिडांवर जो लाल क्रूस रंगवलेला असे, तो ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या लष्करी धर्मसंघाचा होता. या संघाची स्थापना १३१९ मधली असली, तरी त्याच्या वाट्याला आलेल्या जमिनी, किल्ले आणि मध्य पोर्तुगालमधील तोमार हे ठाणे मूळचे टेम्पलर संघाचे, म्हणजे धर्मयुद्धांत लढणाऱ्या जुन्या लष्करी धर्मसंघाचे होते, आणि पोर्तुगालमध्ये त्या संघाचे पाय घट्ट रोवण्याचे काम ग्वाल्दिम पायस याने केले.

त्याचा जन्म १११८ च्या सुमारास ब्रागाच्या परिसरात झाला. (‘पायस’ हे गोव्यात आजही आढळणारे आडनाव, तेव्हा मात्र त्याचा अर्थ ‘पायोचा मुलगा’ एवढाच होता.) पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसो हेन्रिक्स याच्या पदरी तो वाढला, पुढे पॅलेस्टाइनला जाऊन पाच वर्षे लढला, ११५३ मध्ये पडलेल्या अस्कलान या तिथल्या किनारी शहराच्या वेढ्यातही तो होता. परत आल्यावर ११५७ मध्ये पोर्तुगालमधील टेम्पलरांचे प्रमुखपद त्याच्याकडे आले.

राजाची अडचण अशी होती की ११४७ मध्ये लिस्बन घेतल्यावर मुलूख वाढला, पण तो राखायला आणि वसवायला माणसे पुरेनात. म्हणून ११५९ मध्ये त्याने सेरासचा ओसाड प्रदेश टेम्पलरांना तोडून दिला. तिथला जुना किल्ला मोडकळीला आलेला पाहून ग्वाल्दिमने नाबाँव नदीकाठची टेकडी निवडली आणि १ मार्च ११६० रोजी तोमारच्या किल्ल्याचे काम सुरू केले. तटाच्या पायथ्याशी त्याने दगडी उतार बांधून घेतला, त्यामुळे शत्रूला शिड्या लावणे आणि पायाखाली सुरुंग खणणे या दोन्ही गोष्टी जड जात. ही युक्ती त्याने पूर्वेकडच्या लढायांत पाहिली असावी. दोनच वर्षांनी त्याने वस्तीला सनद दिली. नुसत्या तटाने मुलूख राहत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असावे. पुढे तेजो नदीतील बेटावर आल्मोरोलचा किल्लाही त्याने उभारला.

खरी कसोटी ११९० मध्ये लागली. मोरोक्कोचा अल्मोहाद खलिफा याकूब अल-मन्सूर याने तोमारला सहा दिवस वेढा दिला, तेव्हा सत्तरी ओलांडलेला ग्वाल्दिम किल्ल्यात होता आणि किल्ला पडला नाही. तिथल्या शिलालेखात शत्रूचे ४ लाख घोडेस्वार आणि ५ लाख पायदळ नोंदवले आहे; हे आकडे अर्थातच विजेत्याच्या उत्साहाचे आहेत, सैन्यगणतीचे नव्हेत.

११९५ मध्ये त्याचे निधन झाले. १३१२ मध्ये पोपने टेम्पलर संघ बरखास्त केल्यावर राजा दिनिस याने पोर्तुगालमधील त्याची मालमत्ता इतरांच्या हाती जाऊ न देता नव्या ऑर्डर ऑफ क्राइस्टकडे वळवली. १४२० पासून राजपुत्र हेन्री या संघाचा प्रशासक होता आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोहिमांना संघाचे उत्पन्न कामी आले. १४५६ मध्ये पोपने समुद्रापलीकडच्या प्रदेशांचा धार्मिक अधिकारही संघाला दिला. त्यामुळे १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा इथले चर्चचे कामकाज कागदोपत्री तोमारच्या व्हिकारच्या (संघाच्या धर्माधिकाऱ्याच्या) अखत्यारीत आले; १५१४ मध्ये मदेरा बेटावरील फुंशालचा धर्मप्रांत स्थापन होईपर्यंत ही व्यवस्था चालली. त्या व्हिकारचे पीठ होते सांता मारिया दो ओलिव्हाल हे चर्च, जिथे ग्वाल्दिमला पुरले होते.