मेहता, विजया

(जन्म : ४ नोव्हेंबर १९३४, बडोदा). मराठी अभिनेत्री व दिग्दर्शिका. माहेरच्या विजया जयवंत. नाट्यवर्तुळात नुसत्या ‘बाई’. इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्या हाताखाली त्या शिकल्या. १९६० मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि श्रीराम लागू यांच्यासह त्यांनी मुंबईत ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी केली.

नागपूरशी त्यांचा संबंध जुळला तो एका हुकलेल्या सिनेमामुळे. बाईंनी बसवलेल्या तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो मी हरलो’चा प्रयोग गावात होता. तरुण महेश एलकुंचवार निघाले होते सिनेमाला. तिकीट मिळाले नाही म्हणून नाटकाला शिरले. दुसऱ्या दिवशी तेच नाटक पुन्हा पाहिले आणि आपणही नाटक लिहायचे, असे ठरवून टाकले. त्या दिवशी तिकीटखिडकीवर गर्दी कमी असती तर? मराठी नाटकाने त्या गर्दीचे आभारच मानावेत. पुढे १९६७ मध्ये ‘सत्यकथा’ मासिकात आलेली एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका बाईंच्या नजरेत भरली. ‘सुलतान’ आणि ‘होळी’ त्यांनी रंगायनतर्फे केल्या. १९८५ मध्ये त्यांनी एलकुंचवारांचेच ‘वाडा चिरेबंदी’ बसवले, तेव्हा विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचा खचता वाडा मुंबईच्या रंगमंचावर उभा राहिला.

अभिनेत्री म्हणूनही बाईंच्या वाट्याला अशीच घरे जास्त आली. ‘संध्याछाया’तली मुलांची वाट पाहणारी नानी, बदललेल्या काळात जुन्या मैफलीची अदब धरून बसलेली ‘हमीदाबाईची कोठी’तली हमीदाबाई, ‘बॅरिस्टर’मधली विधवा मावशी. तिघींचा बाज निराळा, बोलणे निराळे. पण तिघीही घराला चिकटून राहिलेल्या. ‘बॅरिस्टर’वरून ‘रावसाहेब’ हा चित्रपट त्यांनीच दिग्दर्शित केला आणि त्यातल्या मावशीसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पडद्यावर त्या मोजक्याच दिसल्या. श्याम बेनेगल यांच्या ‘कलयुग’मध्ये (१९८१) महाभारतातल्या कुंतीच्या जागी असलेली सावित्री त्यांनी केली. पद्मश्री, संगीत नाटक अकादमी पुरस्कार, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे अध्यक्षपद हे सारे झाले. ‘झिम्मा’ हे आत्मचरित्रही आले.

त्यांची पडद्यावरची सर्वांत लक्षात राहणारी भूमिका मात्र गोविंद निहलानींच्या ‘पार्टी’तली (१९८४) दमयंती राणे. नाटककार बर्वे यांच्या सत्कारासाठी शहरातले लेखक-कलावंत घरी जमवणारी, सगळ्यांची विचारपूस करणारी आणि स्वतः एकटी असलेली ही यजमानीण. हा चित्रपट ज्या नाटकावर बेतला, ते एलकुंचवारांचे.